टिकलेली चमक

नगरला, सावेडीत राहायला येऊन आता दुसरी दिवाळी झाली, तरी सकाळी गाडीपाशी गेलो की माझं बोट आपोआप बॉनेटवरून फिरतं. बोट वर धरून बघतो. स्वच्छ. काहीसुद्धा लागलेलं नसतं. आणि रोज, अगदी रोज, मी दचकतो. ओळखीच्या घरात हाक मारत शिरावं आणि आत माणसंच नसावीत, तसं काहीतरी होतं.

"काय बघता हो सारखं?" वरून, बाल्कनीतून, सुनंदा विचारते. "चोरीला गेलं का काही?"

बायकोला मी 'काही नाही' म्हणतो. गाडीवर घाण नाही म्हणून घाबरणारा माणूस जगात मी एकटाच असेन.

दसरा उलटला की बायपासवरून उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. दोन दोन ट्रॉल्या मागं, पुढं मोठ्यानं लावलेलं गाणं, आणि रस्त्यावर सांडलेल्या कांड्यांचा, चाकाखाली चिरडलेल्या पाचटाचा तो गोडसर, ओला वास. फ्लॅटमधल्या लोकांना त्या ट्रॅक्टरांचा त्रास होतो. मी मात्र हातातलं काम सोडून उभा राहतो. ट्रॉली किती भरली आहे, वजन किती भरेल याचा अंदाज मनात बांधतो. पडताळून बघायला आता काटा नाही.

माझी सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. नगरहून तासाभराच्या वाटेवर कारखाना, त्याला लागून कॉलनी, कॉलनीत आमचं क्वार्टर, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर चिमणी. हंगाम सुरू झाला की त्या चिमणीतून काजळी पडायची. ऊस पिळून उरलेला भुसा बॉयलरमध्ये जळतो, त्याची राख वर जाते आणि वाऱ्याच्या मर्जीनं खाली येते. काळे, हलके तुकडे, पापण्यांच्या केसांसारखे. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, दुधाच्या सायीवर, झोपलेल्या लेकराच्या गालावर. कॉलनीतल्या शाळेच्या पोरांचे पांढरे शर्ट हंगामभर घरात, दोरीवर वाळायचे. पाहुणे यायचे ते नाक मुरडायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. काजळी पडतेय म्हणजे कारखाना चालू आहे, आणि कारखाना चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

माझी गाडी पांढरी. कारखान्याच्या कॉलनीत पांढरी गाडी घेणारा मी पहिला, आणि बहुतेक शेवटचा. "कावळ्यांच्या गावात बगळा आणला," असं सुनंदा म्हणाली होती. मी म्हणालो, नीट राखली तर पांढरीच राहील. आणि मी ती राखली.

काजळी पुसायची नसते, ही पहिली गोष्ट. दिसायला ती मऊ दिसते, पण चिमटीत चोळून बघा, आत बारीक रेतीसारखी कचकच लागते. लोक सकाळी घाईत कोरडं फडकं मारायचे आणि दोन हंगामांत बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटायचे. उन्हात गाडी उभी केली की जाळं चमकायचं. मी आधी टपावरून नुसतं पाणी सोडायचो, हात न लावता. राख आपण होऊन वाहून गेली की मग शॅम्पूचं पाणी, वरून खाली, चाकांचं फडकं वेगळं. मग सावलीत वाळवायची. मग वॅक्स. वॅक्सचा थर कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ हवा; जाड लावला म्हणून जास्त टिकत नाही, उलट पांढरे डाग धरतो. बोट ओढून बघायचं, पावडर सुटली की वाळलं. मग मऊ फडक्यानं, मनगटाचा भार न टाकता, गोल गोल. लोकांना वाटतं चमक जोर लावून येते. ती हलक्या हातानं येते.

बॉयलर पेटवायची पूजा दसऱ्याच्या आसपास असायची. तिच्या आदल्या दिवशी कॉलनीतल्या सगळ्या गाड्या पाण्याच्या टाकीपाशी रांगेत लागायच्या, आणि ज्याला जे सुचेल ते तो गाडीला फासायचा, कारण गुळगुळीत अंगावर काजळी ठरत नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. आमच्या शेजारी भाऊसाहेब राहायचे. मूळचे काष्टीचे, बॉयलरवर फायरमन. एके वर्षी त्यांनी त्यांची स्कूटर अशी काही चमकवली की मीच थबकलो.

"काटेवाले, तुमच्या त्या डबीत काय हाय येवढं?" ते म्हणाले. "आमी शेंगदान्याचं त्याल लावलं. बगा, तोंड दिसतंय."

"भाऊसाहेब, हंगाम सुरू होऊ द्या. मग बघू."

हंगाम सुरू झाला. तेलावर काजळी बसली ती हलेना. वर धूळ, धुळीवर पुन्हा काजळी. पांढरट निळी स्कूटर आठवड्यात काळीकुळकुळीत, केसाळ दिसायला लागली. भाऊसाहेबांची बायको मंगल रोज सकाळी दारात उभी राहून नवऱ्याला विचारायची, "आवं, म्हशीची धार काढली का?" सगळी कॉलनी हसायची, भाऊसाहेब सगळ्यात जास्त.

हंगामात उभ्या गाड्या म्हणजे पोरांच्या पाट्या. काजळीवर बोटानं फुली-गोळा खेळायचे, नावं लिहायचे. माझ्या मागच्या काचेवर कुणीतरी एकदा लिहिलं, 'काटा बरोबर आहे का?' मी चिडलो. काट्यावर शंका घेतली म्हणून नव्हे, बोटानं लिहिलं की खालच्या काचेवर ओरखडा जातो म्हणून. सुनंदा म्हणाली, "पुसू नका. खाली 'होय' लिहा."

हसता हसता तिला ढास लागली. तिची छाती हंगामात वाजायची. आत कुणीतरी बारीक शिट्टी घालतंय असा आवाज. दमा म्हणा, ॲलर्जी म्हणा. नगरच्या डॉक्टरांनी दोन्ही शब्द वापरले आणि शेवटी एकच सांगितलं, धुरापासून लांब जा. दरवर्षी आम्ही ठरवायचो, हा एवढा हंगाम होऊ दे. चिमणी पेटली की घरात पगार यायचा आणि शिट्टीही यायची. मी वजनाचा माणूस, पण ही दोन वजनं एका काट्यावर चढवायचं मी टाळत राहिलो.

आणि मग तो हंगाम आला, ज्याच्याबद्दल मला खरं म्हणजे लिहायचं आहे.

उन्हाळ्यापासूनच कुजबुज होती. ऊस कमी आहे, दुरुस्तीची कामं उरकलेली नाहीत, असं काहीबाही. पण पूजेची तारीख ठरली, आणि आदल्या दिवशी टाकीपाशी गाड्यांची रांग लागली तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. मी त्या वर्षी वॅक्सचे दोन हात दिले. पहिला बसू दिला, मग दुसरा. एवढी मनापासून गाडी मी कधी केली नव्हती. टपावर पाण्याचा तांब्या ओतला तर पाण्याचे मणी होऊन टपाटपा खाली. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, बॉयलरमध्ये लाकडं पेटली, चिमणीतून बारीक पांढरा धूर निघाला. टाळ्या वाजल्या. पेढे वाटले.

त्यानंतर काहीच झालं नाही.

दिवाळी गेली. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, त्यांनी राहायला पाचटाच्या कोप्या बांधल्या, वाट बघितली, आणि एका सकाळी कोप्या मोडून दुसऱ्या कारखान्याकडं निघून गेल्या. भरलेले ट्रॅक्टर आमच्या गेटवरून जायचे, वळायचे नाहीत. मी काट्यावर जाऊन बसायचो. रोज सकाळी काटा तपासताना पडद्यावर शून्य दिसायला हवं. काटा खरा असल्याची ती खूण. इतकी वर्षं ते शून्य बघून मला समाधान वाटायचं. त्या हंगामात ते दिवसभर तसंच राहायचं. संध्याकाळी मी ते शून्य बंद करून घरी यायचो.

अशाच एका सकाळी मी गाडीपाशी गेलो आणि जागच्या जागी थिजलो. दव पडलं होतं. सबंध गाडीवर दवाचे मणी, सारख्या आकाराचे, आणि प्रत्येकात उजाडलेलं आकाश. एक काळा ठिपका नाही. ज्या चमकेसाठी मी वर्षानुवर्षं बादल्या उचलल्या, फडकी धुतली, लोकांची थट्टा ऐकली, ती चमक ही अशी समोर उभी होती. दोन महिन्यांपूर्वी लावलेली, पहिल्या दिवसासारखी.  एखादा माणूस झोपेत इतका शांत दिसावा की त्याला हलवून बघावंसं वाटावं, तशी ती गाडी दिसत होती.

तेवढ्यात भाऊसाहेब बाहेर आले. गाडीपाशी उभे राहिले. बॉनेटमध्ये त्यांचा चेहरा दिसत होता, दाढी वाढलेला. 

"काटेवाले," ते म्हणाले, "लई चमकती वो गाडी." आणि मग अगदी हळू, "झाका तिला."

मी डिकीतलं कव्हर आणून ती झाकली. त्यानंतर कॉलनीत असेपर्यंत मी कव्हर फक्त गरज पडली तरच काढलं.

पण खरा हादरा त्याच्या पुढं बसला. त्याच दुपारी मी काट्यावरून लवकर आलो होतो. लवकर आणि उशिरा यांत आता फरकच उरला नव्हता. सुनंदा दिवाणावर झोपली होती. घरात काहीतरी चुकतंय असं वाटलं आणि काय चुकतंय ते कळेना. मग कळलं. आवाज नव्हता. मी घाईनं वाकलो आणि तिच्या नाकाखाली बोट धरलं. तिनं डोळे उघडले.

"काय झालं?"

"शिट्टी वाजत नाहीये."

"माहितेय मला," ती म्हणाली. "महिना झाला. कुणाला बोलू नका."

 इतकी वर्षं डॉक्टर, दम्याचा पंप, गोळ्या, वाफा यांनी जे झालं नव्हतं, ते बंद पडलेल्या चिमणीनं केलं होतं. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण तो आमच्या घरात चोरासारखा आला होता, चपला हातात घेऊन.

त्याच संध्याकाळी मंगल आली. वाटीत साखर मागायला. साखर कारखान्याच्या कॉलनीत साखर मागायची वेळ, म्हणून ती स्वतःच हसली. मग म्हणाली, "तुमचं तरी कसं हाय ताई? छाती बरी हाय ना?" आणि सुनंदा खोकली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून, पुन्हा पुन्हा खोकली. मंगलनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती गेल्यावर मी विचारलं, "अगं, हे काय होतं?"

"मग काय सांगू तिला?" सुनंदा म्हणाली. "तुझा नवरा घरी बसला आणि माझी छाती मोकळी झाली, असं?"

 शेजारणीला बरं वाटावं म्हणून आजारी राहणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. आणि ती माझ्याच घरात होती.

ती चमक शिमग्यापर्यंत टिकली. अधूनमधून मी कव्हराचं टोक उचलून, तांब्याभर पाणी टाकून बघायचो. मणी व्हायचे. वॅक्सच्या डबीवर लिहिलेलं असतं, इतके महिने टिकेल. आमच्याकडं त्यातलं काही खरं व्हायचं नाही, काजळी ते खाऊन टाकायची. त्या वर्षी डबी खरी ठरली. शिमगा झाल्यावर आम्ही सामान बांधलं आणि सावेडीत आलो.

इथं तसं सगळं सोयीचं आहे. बोअरचं पाणी मात्र जड. उन्हात गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके सोडतं, ते घालवायला निराळी खटपट. सोसायटीतले लोक गाड्या वॉशिंग सेंटरला देऊन टाकतात. मी खालीच, पिलरच्या सावलीत धुतो. सुनंदा सकाळी चालायला जाते, जिना न थांबता चढते, फोनवर बहिणीशी तासभर बोलते. तिचं बोलणं मध्येच न तुटता ऐकायची मला सवय नव्हती. कधी कधी वाटतं, ही दुसरीच बाई आहे, किंवा मूळची हीच होती आणि मला भेटलीच नव्हती.

गेल्या आठवड्यात भाऊसाहेबांचा फोन आला. फोनवरसुद्धा ते बॉयलरशेजारी उभं राहिल्यासारखे ओरडून बोलतात.

"काटेवाले, बॉयलर प्येटला! नव्या लोकांनी चालवाय घेतलाय. गव्हाणीत उसाची पैली मोळी पडली आज, गाळप सुरू! भाईर या, वास येतोय का बगा!"

"भाऊसाहेब, मी सावेडीत आहे."

"मंग काय झालं? वारं तिकडंच हाय!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "काट्यावर मानूस पायजे त्यास्नी. म्या तुमचं नाव सांगितलंय. साह्यब म्हनले, घिऊन या."

हे सगळं सुनंदाला स्वयंपाकघरात ऐकू गेलं होतं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "रविवारी जाऊ."

"तू कशाला? मी जाऊन येतो."

"संसार काय तुम्ही एकट्यानं केला तिथं?"

शनिवारी मी गाडी धुतली, वॅक्स दिलं. ती बाल्कनीतून म्हणाली, "वरात आहे का उद्या?" पण तिनंही चांगलं लुगडं काढून ठेवलं होतं, ते मी पाहिलं.

वळणावर चिमणी दिसली आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप निघाला. धूर. काळा, जाड, रेलून वाहणारा. गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग, मळीचा वास, भोंगा. गाडी थांबते न थांबते तोच बॉनेटवर पहिला तुकडा उतरला. मग दुसरा. भाऊसाहेब धावत आले, बोटानं तो बॉनेटवरचा तुकडा उचलला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

"अंगारा हाय ह्यो," ते म्हणाले. हसत होते, पण डोळे हसत नव्हते.

मंगलनं सुनंदाला मिठी मारली. बायका जमल्या. मला नव्या मॅनेजरांनी काट्यावर नेलं. भरलेली ट्रॉली वर चढली, पायाखालची जमीन तीच ओळखीची किंचित दबली, लाल आकडे पळाले, डळमळले आणि थांबले. मी तो आकडा तोंडातल्या तोंडात वाचला. मॅनेजर म्हणाले, "उद्यापासून या. क्वार्टर तेच देऊ."

खिडकीतून मला कट्ट्यावर बसलेली सुनंदा दिसली. एक हात छातीवर, दुसऱ्या हातानं ती मंगलला 'काही नाही, काही नाही' करत होती. तोंड उघडं होतं, खांदे वर-खाली होत होते. आणि ती हसत होती. केसांवर काळे तुकडे.

"नाही जमायचं," मी मॅनेजरांना म्हणालो.

गाडीत बसल्यावर तिनं पंप ओढला. काचा लावून घेतल्या. शिट्टी आता मलाही स्पष्ट ऐकू येत होती. बरंच अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "काय सांगितलंत?"

"नाही म्हणालो."

"मला विचारलंत?"

"तुझी छाती बघितली ना मी."

"माझी छाती मला माहितेय," ती म्हणाली. एकेका शब्दाला थांबत, पण प्रत्येक शब्द धार लावलेला. "उद्या तुम्ही खिडकीत बसून ट्रॅक्टर मोजाल. तोंड एवढंसं करून. बघणारे म्हणतील, हिच्यामुळं. मग मलाही वाटेल, माझ्यामुळं. जन्मभर लोकांचा माल तोललात. हे जे माझ्यावर चढवलंत आज, त्याचं वजन केलंत का?"

हात स्टिअरिंगवरच होते, पण गाडी कोण चालवतंय ते मला कळेना. मी तिच्यासाठी काहीतरी सोडून आलो होतो, असं मला तोवर वाटत होतं. ते मी तिच्याच डोक्यावर ठेवून आलो होतो, हे मला तिनं सांगेपर्यंत दिसलं नव्हतं. समोरून एक भरलेला ट्रॅक्टर आला, गेला. त्याचा अंदाज मी बांधला नाही.

"नाही केलं," मी म्हणालो.

 थोड्या वेळानं तिचं डोकं काचेला टेकलं. पंपानंतर तिला नेहमी असा थकवा येतो, झोप लागते. मी रेडिओ लावला नाही. शिट्टी ऐकत राहिलो. बायपासला लागेपर्यंत ती बारीक झाली होती, अधूनमधून तुटत होती. सावेडीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ऐकू येते की नाही अशी. सोसायटीच्या आवारात वळलो तेव्हा ती बंद झाली होती.

दुपारचं ऊन होतं. मी इंजिन बंद केलं. दार उघडलं असतं तर आवाजानं तिला जाग आली असती, आणि जाग आली की ती तोच वजनाचा प्रश्न पुन्हा विचारणार होती. विचारू दे. उत्तर शोधायला लागेल तेवढा वेळ लागेल. मी तिच्या श्वासाकडं कान लावून बसून राहिलो.